काचेतला संसार

अंधाराशी माणसाचं वैर फार जुनं आहे. गुहेत पहिली शेकोटी पेटली तेव्हापासून हा लढा अखंड चालू आहे, आणि त्यात माणसाने आजवर एकदाही हार मानलेली नाही. सध्या हा लढा शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर, इस्त्र्या आणि मिक्सर यांच्या मधल्या जागेत चालला होता, आणि तिथे माणूस हरत आला होता.

हरणाऱ्या माणसाला दुकानात 'प्रमुख' म्हणत. तो जाहिरात विभागाचा प्रमुख होता. विभागात दुसरं कोणीच नसल्यामुळे त्याच्या प्रमुखपणाला कधी आव्हान मिळालं नव्हतं. नाताळ तोंडावर आला होता आणि दिव्यांच्या माळांची खोकी तिसऱ्या मजल्यावर छताला टेकली होती. तिथे मावली नाहीत म्हणून ती जिन्यात आली होती, आणि जिन्यात मावली नाहीत म्हणून मालकीणबाईंच्या केबिनच्या दारात. केबिनमध्ये शिरताना मालकीणबाईंना रोज अंग चोरावं लागे, आणि अंग चोरताना त्यांना रोज प्रमुखाची आठवण होई.

एवढ्या माळा मागवण्यामागे विचार होता. गेल्या नाताळात प्रमुखाने एक जाहिरात केली होती: 'एकदा घ्या, वर्षानुवर्षं लावा! पाच वर्षांची हमी!' लोक तुटून पडले. माळा संपल्या. कितीतरी गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली. तेव्हा मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर प्रमुखाचं कौतुक केलं होतं, आणि प्रमुखाने भर सभेत जाहीर केलं होतं की पुढच्या वर्षी एकही गिऱ्हाईक माळेवाचून परत जाणार नाही. त्या शब्दाला जागून त्याने यंदाची खरेदी केली. या योजनेतली बारीकशी अडचण त्याच्या लक्षात यायला मात्र डिसेंबर उजाडावा लागला. गेल्या वर्षीच्या माळा खरोखरच टिकल्या होत्या.

"माळ दाखवू का, ताई? रंग बदलणारी आहे."

"नको हो. गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतली ना. अजून काय सुरेख चालते! खरं तर तुमचे आभारच मानायला हवेत."

"एखादा दिवा तरी गेला असेल?" प्रमुख आशेने विचारी.

"एकही नाही!" असं म्हणून, आभार मानून, त्या मिक्सरकडे वळत. इतके आभार प्रमुखाला आयुष्यात कोणी मानले नव्हते, आणि दर आभारागणिक त्याचा चेहरा आणखी पडत होता.

शेवटी मालकीणबाईंनी त्याला बोलावलं. तो खोक्यांमधून वाट काढत आत गेला.

"प्रमुख, नाताळपर्यंत माझ्या दारातली खोकी गेली पाहिजेत."

"जातील, मॅडम. निर्धार केलाय."

"खोकी गेली नाहीत तर तुम्ही जाल. खाली."

खाली म्हणजे तळघरात. तळघरात, पलंग आणि कपाटांच्या जंगलापलीकडे, तक्रार खिडकी होती. तिला खिडकी म्हणत एवढंच. तिच्यातून दिसायची ती फक्त संतापलेली माणसं. तिथे ऊन येत नसे, मोबाइलला रेंज येत नसे, आणि गेलेला माणूस सहसा वर येत नसे. प्रमुखाच्या आधीचे दोन्ही प्रमुख तिथेच, मध्ये एक खुर्ची सोडून बसत. एकाने भर उन्हाळ्यात हीटरचा महोत्सव भरवला होता. दुसऱ्याने 'वापरून बघा, न आवडल्यास परत करा' ही योजना चुकून बनियनांनाही लागू केली होती. दोघेही प्रमुखाला जिन्यात भेटले की फार आपुलकीने हसत. मधली खुर्ची रिकामी आहे, असंही एकदा म्हणाले होते.

त्या दिवशी घरी जाताना प्रमुखाने दात आवळले. आणि दात आवळले की त्याला कल्पना सुचत, ही त्याच्या घरच्यांची जुनी तक्रार होती.

कल्पना अशी होती: खोक्यातली माळ कोणी विकत घेत नाही, घरात लावलेली माळ बघून घेतात. म्हणजे गिऱ्हाइकाला घर दाखवायला हवं. दुकानाच्या दर्शनी भागात, रस्त्याच्या बाजूला, भली मोठी काच होती. त्या काचेमागे एक दिवाणखाना उभा करायचा. सोफा, खुर्ची, गालिचा, कोपऱ्यात नाताळचं झाड, आणि सगळीकडे माळा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपलं घर याच्यापुढे स्मशान आहे.

पहिल्या दिवशी त्याने त्या दिवाणखान्यात कपड्यांच्या विभागातले पुतळे बसवले. एक सोफ्यावर, एक खुर्चीत, आणि एकाचा गुडघा वाकत नसल्यामुळे त्याला गालिच्यावर आडवं ठेवलं. संध्याकाळी माळा लुकलुकू लागल्या, आणि एक वयस्कर बाई घाईघाईने आत येऊन विचारू लागल्या, "पोलिसांना कळवलं का कोणी?"

पुतळे परत गेले. माणसं हवीत, हे सिद्ध झालं. नटांनी मानधन मागितलं, तेव्हा फुकटात मिळणारी आणि सांगितलेलं ऐकणारी माणसं कुठे असतात याचा प्रमुखाने विचार केला. यातली निम्मी अट तरी घरची माणसं पूर्ण करत होती.

"काचेत बसू?" बायको म्हणाली. "मी?"

"फक्त संध्याकाळी. नुसतं बसायचं. घरी बसतेस तसं."

"घरी मी कधी बसलेली बघितलीत तुम्ही?" हा मुद्दा बिनतोड होता. "अहो, आपल्या बाल्कनीत एक माळ लावा म्हणून किती दिवस मागे लागलेय तुमच्या. गेल्या वर्षीची माळ कपाटात पडलीय. एक खिळा ठोकायचाय फक्त. सगळ्या बिल्डिंगमध्ये आपलंच घर काळंकुट्ट, आणि तुम्ही म्हणे दिवे विकणार."

"लावतो. रविवारी."

"कुठल्या?"

"अगं, मला खाली पाठवतायत!" प्रमुख म्हणाला. "तळघरात. तक्रारी ऐकायला."

"मग काय झालं? ऐकायची सवय होईल," बायको म्हणाली. पण त्याचं तोंड बघून ती विरघळली. "बरं. येते. पण रविवारी खिळा."

आईला विशेष समजवावं लागलं नाही. तिला आयुष्यभर रस्त्यावरची माणसं बघायला आवडत आलं होतं, आणि इथे एवढी मोठी काच मिळत होती. राहता राहिले सासरे. ते डोळे तपासून घेण्यासाठी आठवडाभर म्हणून आले होते आणि आता त्यांच्या मुक्कामाचं दुसरं वर्ष चालू होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बसायला काय आहे, जावईबापू?"

"सोफा."

"मग येतो."

पहिल्या संध्याकाळी प्रमुखाने तिघांना जागा दिल्या आणि सूचना केल्या. सोफ्यावर सासरे, मोठ्या खुर्चीत आई, बायको झाडाजवळ उभी. "मधूनमधून माळांकडे बघायचं, आणि आनंद व्हायला पाहिजे."

"कशाचा?" आईने विचारलं.

"दिव्यांचा."

"लागतायत आणि विझतायत. त्यात आनंद कसला? आपल्या जिन्यातला दिवाही तेच करतो, त्याला तू नावं ठेवतोस."

"आई, नुसतं हस गं."

"हसते. पण व्याह्यांना आधी जागं कर."

सासरे झोपले होते. सोफ्यावर टेकल्यापासून जेमतेम एक माळ लाल होऊन हिरवी झाली असेल, तेवढ्यात त्यांची मान मागे गेली होती आणि तोंड उघडलं होतं. प्रमुखाने त्यांना हलवलं. त्यांनी डोळे न उघडता "आहे, आहे, आनंद आहे," असं म्हटलं आणि कूस बदलली.

बाहेर गर्दी जमू लागली. काचेला नाकं चिकटली. प्रमुख बाहेर फुटपाथवर उभा राहून लोकांच्या नजरा बघत होता, आणि त्याची छाती फुगत होती. एवढ्यात एक मध्यमवयीन जोडपं गर्दीतून सुटलं आणि थेट दुकानात शिरलं. प्रमुख त्यांच्या मागे धावला.

"या, या! कोणती माळ पसंत पडली? झाडावरची की भिंतीवरची?"

"तो सोफा," बाई म्हणाल्या.

"सोफा?"

"ते आजोबा झोपलेत तो. आमच्या ह्यांना झोप म्हणून येत नाही. किती डॉक्टर झाले! आणि हा माणूस बघा. डोळ्यांवर दिवे लुकलुकतायत, बाहेर एवढा बाजार भरलाय, आणि घोरतोय! मला तोच सोफा पाहिजे."

"तसाच नवा, पॅक केलेला देतो ना."

"नवा नको," आता ते झोप न येणारे गृहस्थ प्रथमच बोलले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि आवाजात ठामपणा होता. "तोच."

फर्निचरवाल्यांना बोलावण्यात आलं. फर्निचर विभाग सांभाळणारे हे गृहस्थ लिफ्टमधून बाहेर आले की उजेडाने डोळे मिचकावत. वर्षानुवर्षं ऊन न लागल्यामुळे त्यांचा रंग खडूसारखा झाला होता. या नाताळानंतर ते निवृत्त होणार होते, आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचं, याखेरीज त्यांची कुठलीही महत्त्वाकांक्षा उरली नव्हती. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "यांना उचलायचं, की यांच्यासकट द्यायचाय?"

आईला उठवून तिच्या खुर्चीत सासऱ्यांना उचलून ठेवलं. ते जागे झाले नाहीत. त्यामुळे काचेबाहेरच्या आणखी एका बाईंनी ती खुर्ची घेतली.

दुसऱ्या दिवशी खालून नवा सोफा आला, नवी खुर्ची आली, आणि प्रमुखाने माळा दुप्पट केल्या. त्याचं निदान असं होतं की दिवे कमी पडल्यामुळे लोकांचं लक्ष फर्निचरकडे गेलं. शिवाय सासऱ्यांना त्याने सोफ्यावर न बसवता एका साध्या, बिनहाताच्या, लाकडी बाकावर बसवलं, जेणेकरून त्यांना झोप येऊ नये. सासरे बाकावरही झोपले. बाक गेला. त्यासोबत तसलेच सगळे बाक गेले, कारण बाकावर झोपता येतं ही गोष्ट लोकांना नवी होती.

"दिव्यांचं काय म्हणतात लोक?" त्या संध्याकाळी बायकोने विचारलं.

"छान आहेत म्हणतात. आमच्याकडे आहेत म्हणतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी हार मानणार नाही म्हणतो."

आईच्या गुडघ्यांनी पुढचा घात केला. खुर्ची उंच असल्यामुळे तिने पायाखाली एक गुबगुबीत तिवई ओढून घेतली आणि "हुश्श" केलं. काचेतून आवाज जात नव्हता, पण ते हुश्श इतकं मनापासूनचं होतं की ते दिसलं. पाठोपाठ गुडघेदुखीचा सगळा शहरी वर्ग आत आला. फर्निचरवाले लिफ्टने वर-खाली करून दमले, पण त्यांच्या गालांवर किंचित रंग चढल्यासारखा वाटू लागला.

प्रमुखाने पुन्हा दात आवळले. त्याच्या लक्षात आलं की लोकांना नुसतं दिसतं, ऐकू येत नाही. म्हणून ते जे दिसेल त्याचा भलताच अर्थ लावतात. उपाय उघड होता. त्याने झाडामागे माईक लपवला आणि तो दुकानाच्या घोषणा करणाऱ्या यंत्राला जोडला, म्हणजे दाराबाहेर, प्रत्येक मजल्यावर आणि जिन्यातही काचेतल्या संसाराचे संवाद ऐकू जावेत. संवाद त्याने स्वतः लिहिले आणि पाठ करून घेतले. बायकोने म्हणायचं, 'या माळेने घराला कसं घरपण आलं!' आईने म्हणायचं, 'आमच्या काळी असे दिवे असते तर!' सासऱ्यांनी काहीही म्हणायचं नाही, आणि शक्य तर घोरायचं नाही.

प्रमुखाने बाहेरून अंगठा वर केला. माईकचा दिवा लागला.

"या माळेने घराला कसं घरपण आलं," बायको म्हणाली. तिचा आवाज सगळ्या दुकानात घुमला. मग ती थांबली. "पण आई, हे मी कोणाला म्हणतेय? हे तर काचेबाहेर उभेत."

"आमच्या काळी असे दिवे असते तर," आई म्हणाली, आणि तिलाही पुढचं सुचेना. "तर काय, गं?"

"तर तुमच्या मुलाने तेही लावले नसते."

बाहेर हशा पिकला. प्रमुख काचेवर टकटक करू लागला. आतून ते लाडिक वाटलं. बायकोने त्याला हात केला.

"घरपण म्हणे!" आईचा आवाज आता खुलला होता. "खऱ्या घरी अंधार, आणि इथे आपण उजेडात बसलोय. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

"तेच तर म्हणतेय मी, आई. गेल्या वर्षीची माळ आहे ना घरात. इतकी छान चालते, एक दिवा गेला नाही. पण यांना रविवार सापडत नाही."

"गेल्या वर्षीच्या एवढ्या चांगल्या चालत असताना लोकांनी नव्या घ्यायच्या तरी कशाला?"

"घेतच नाहीयेत, आई. म्हणून तर आपल्याला बसवलंय."

हे वाक्य तळघरापासून गच्चीपर्यंत एकाच वेळी ऐकू गेलं. तिसऱ्या मजल्यावर एका बाईंनी निवडून हातात घेतलेली माळ, त्या दिवसातली ती एकमेव माळ, शांतपणे परत ठेवली. केबिनच्या दारात अंग चोरून उभ्या असलेल्या मालकीणबाई तशाच, अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर, थांबल्या. तक्रार खिडकीमागे दोन माजी प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातल्या एकाने मधल्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली.

प्रमुख आतल्या दाराकडे धावला. पण दुकानातही आता गर्दी झाली होती, आणि ती गर्दी हलत नव्हती, कारण काचेत पुढचा अंक सुरू झाला होता. बायकोने आपल्या पिशवीतून गेल्या वर्षीची माळ काढली होती. आज परत जाताना नवऱ्याच्या हातात ती द्यायची आणि उभ्या उभ्या खिळा ठोकून घ्यायचा, असा तिचा बेत होता. माळेचा मात्र पक्का गुंता झाला होता.

"हा असा गोळा होतो बघा," ती आईला म्हणाली. "कोणी गुंडाळून ठेवली?"

"त्यानेच."

"वाटलंच." तिने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात कोट अडकवायचा उभा स्टँड होता. तिने माळेचं एक टोक त्याच्या वरच्या खुंटीला अडकवलं. "इथे एक फेरा, मग खालच्या खुंटीला एक. दिवा बाहेर, वायर आत. घाई करायची नाही. आणि अशीच्या अशी वर्षभर ठेवून द्यायची. पुढच्या नाताळात नुसती उलटी सोडायची. झालं!"

गुंता सुटला. माळ स्टँडवर वेटोळी घेऊन बसली.  त्या फुटपाथवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरी गेल्या वर्षीची एक उत्तम चालणारी माळ होती, आणि प्रत्येक माळेचा असाच गोळा झालेला होता.

पुढच्या गर्दीत प्रमुखाच्या शर्टाचं एक बटण गेलं. "स्टँड कुठे मिळतील?" "खाली की वर?" "माळा ठेवायचा स्टँड म्हणून सांगितलं त्यांनी!" फर्निचरवाले लिफ्टमधून बाहेर आले, त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले, आणि डोळे न मिचकावता म्हणाले, "रांगेत या." त्या संध्याकाळी दुकानातले कोटांचे स्टँड संपले. मग टोप्यांचे संपले. एका गृहस्थांनी छत्र्या ठेवायचा पिंप नेला, आणि आपण फसलो नाही ना, हे ते दारापर्यंत स्वतःला विचारत राहिले.

"तू हे काय केलंस?" गर्दी ओसरल्यावर प्रमुख बायकोला म्हणाला.

"गुंता सोडवला," बायको म्हणाली. "रविवारी खिळा."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. प्रमुख थांबला नाही. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी तो काचेमागे आला तेव्हा दिवाणखान्यात काहीच उरलं नव्हतं. सोफा गेला होता, खुर्च्या गेल्या होत्या. गालिचा दुपारीच एका बाईंनी गुंडाळून नेला, त्यावर उभ्या असलेल्या आईला "जरा पाय उचला" असं सांगून. पण त्या रिकाम्या जागेकडे बघता बघता प्रमुखाच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"कळलं!" तो म्हणाला. "आता विकायला दुसरं काही नाहीच! आता बघणार ते दिवेच बघणार!"

तो तिसऱ्या मजल्यावर गेला आणि जमतील तेवढी खोकी घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. गोदामातून शिडी आणली, आणि तो माळा लावत सुटला. छताला माळा, भिंतींना माळा, काचेच्या कडेने माळा. झाड दिसेनासं झालं. बायको आणि आई खालून टोकं देत होत्या. हे नवरे आणि मुलं जोवर ऐकत नाहीत तोवर त्यांना मदतच केलेली बरी, असं दोघींचं या एका बाबतीत एकमत होतं. सासऱ्यांना बसायला काही नव्हतं. ते शिडीला पाठ लावून उभे राहिले, आणि उभ्या उभ्याच झोपले.

बटण दाबलं. रस्ता उजळला. समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. फुटपाथवर इतकी माणसं कधी जमली नव्हती. शिडीच्या शेवटच्या पायरीवर, एका हातात शेवटची माळ धरून, प्रमुख त्या गर्दीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काही प्रमाणात ते प्रखर उजेडामुळे होतं.

गर्दीतून एक जाडजूड गृहस्थ पुढे आले, आत शिरले आणि शिडीखाली येऊन उभे राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"नमस्कार! कुठली घेणार?" प्रमुख वरूनच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय होता. "सगळ्या आहेत!"

"केव्हापासून बघतोय मी," गृहस्थ भारावून म्हणाले. "तुम्ही वर, एवढे अंगाने भरलेले. खाली हे काका रेलून गाढ झोपलेत. आणि तरी हलत नाही. जरासुद्धा हलत नाही!"

"काय?"

"शिडी. विकायला आहे का?"

दिवे लाल झाले, हिरवे झाले, पुन्हा लाल झाले.

"शिडी दुकानाची आहे," प्रमुख कसाबसा म्हणाला. "ती... ती कुठल्याच विभागात येत नाही."

"आजपासून फर्निचरमध्ये येते," मागून आवाज आला. फर्निचरवाले उभे होते. त्यांच्या गालांवर आता स्वच्छ गुलाबी रंग होता. "खाली उतरा, प्रमुख. गिऱ्हाईक थांबलंय. आणि त्या काकांना कोणीतरी धरा."

प्रमुख उतरला. सासऱ्यांना बायकोने धरलं. शिडी गेली, त्यामुळे छतावरच्या माळा काढायलाही काही उरलं नाही. माळ एकही खपली नव्हती.

नाताळाची सुटी संपल्यावर मालकीणबाईंनी प्रमुखाला बोलावलं. तो खोक्यांमधून वाट काढत आत गेला. त्याने टेबलातलं सामान आधीच एका पिशवीत भरून घेतलं होतं आणि पिशवी हातातच होती.

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "उभेच राहा. खुर्ची परवा कोणीतरी नेली. प्रमुख, दुकान सुरू झाल्यापासून फर्निचर असं कधी खपलं नव्हतं. पलंगसुद्धा गेले. तुमच्या सासऱ्यांचं नाव घेऊन लोक येतायत."

प्रमुखाला आपण नीट ऐकलं की नाही, कळेना. "पण मॅडम, माळा..."

"माळांचं सोडा. आपले फर्निचरवाले कालपासून निवृत्त झाले. जाताना म्हणाले, माझ्या जागी हाच माणूस बसवा. मलाही पटलं. आजपासून फर्निचर विभाग तुमचा. ही बढती आहे. अभिनंदन."

प्रमुखाच्या हातातली पिशवी गळून पडली. त्याने मालकीणबाईंचे आभार मानले. दोनदा मानले. दारापर्यंत तरंगत गेला, आणि दारातल्या खोक्यांना अडखळल्यावर त्याचे पाय पुन्हा जमिनीला लागले.

"मॅडम," तो वळून म्हणाला, "फर्निचर विभागाचं टेबल..."

"खाली. जड सामान वर कसं ठेवणार?"

"तक्रार खिडकीजवळ?"

"खिडकी डाव्या हाताला, तुम्ही उजव्या," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि जाताना ही खोकी घेऊन जा. खाली उजेड नाही, अशी आधीच्यांची कायम कुरकुर असायची."

त्याच दिवशी खोकी खाली गेली. दोन माजी प्रमुखांनी माळा लावायला मदत केली. आता तळघरात दिवसभर लाल, हिरवे, पिवळे दिवे लुकलुकतात, आणि तक्रार घेऊन आलेली माणसं क्षणभर का होईना, कशासाठी आलो ते विसरतात. घरच्या बाल्कनीतला खिळा बायकोने शेवटी स्वतः ठोकला. सासरे कोपऱ्यातल्या एका पलंगावर कामाला आहेत.

माळा उत्तम चालतात. त्यांना पाच वर्षांची हमी आहे.